जुन्या टू-सीटरचं लटकलेलं दार: स्ट्रायकरला सगळ्यात शेवटी हात लावा

दार नीट लागत नाही म्हटलं की पहिला पाना स्ट्रायकरवर, म्हणजे चौकटीवरच्या लॉक अडकण्याच्या तुकड्यावर पडतो. स्ट्रायकर जरा खाली घेतला, दार लागलं, काम झालं असं वाटतं. महिन्याभरात दार पुन्हा घासायला लागतं, मग स्ट्रायकर आणखी खाली. असं दोन-तीनदा झालं की सरकवायला जागाच उरत नाही. तोवर लॉकचा पंजा झिजलेला असतो आणि दाराच्या मागच्या कोपऱ्याने क्वार्टर पॅनलचा (दारामागच्या पत्र्याचा) रंग खाल्लेला असतो. मूळ दोष मात्र पुढे बिजागरीत किंवा खाली सिलमध्ये (दाराखालच्या लांब पेटीत) जसाच्या तसा बसलेला असतो.

खालचा क्रम एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर अशा पत्र्याच्या बॉडीच्या, उघड्या छताच्या गाड्यांसाठी आहे. दोन-दारी स्टँडर्ड हेराल्डलाही तो चालतो. या सगळ्यांचं दार लांब, बिजागऱ्या दोनच, आणि बिजागरीतला अर्धा मिलिमीटर मागच्या टोकाला अडीच मिलिमीटर होऊन दिसतो. फायबरच्या बॉडीचं गणित थोडं वेगळं आहे, ते पुढे स्वतंत्र दिलंय.

बिजागऱ्या धड असतील तर एका दाराला एक अख्खा दिवस धरा. पिना करून घ्यायच्या असतील तर लेथवाल्याचे दोन दिवस वेगळे. माणसं दोन लागतात. एकट्याने दार उतरवायचा हट्ट केला की फेंडरला खोक पडलीच म्हणून समजा.

## १. गाडी कुठे आणि कशी उभी करायची

गाडी स्वतःच्या चार चाकांवर उभी हवी. जॅकवर नको, घोडीवर नको, रॅम्पवर तर नकोच. उघड्या छताच्या गाडीला वर आधार नसतो, सगळा भार दाराखालच्या सिलवर असतो. जॅक लावला की बॉडी थोडी वाकते आणि दाराची गॅप बदलते. जॅकवर सुरेख बसवलेलं दार गाडी खाली उतरवल्याबरोबर बिघडतं.

सोसायटीच्या पार्किंगला बहुधा पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, आणि तो डोळ्यांना कळत नाही. गवंड्याची पाण्याची नळी चारही चाकांपाशी धरून बघा. १० मिमीपेक्षा जास्त फरक आला तर कमी पडणाऱ्या चाकाखाली प्लायचा तुकडा सरकवा. चारही टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरा. स्टेपनी नेहमीच्या जागी ठेवा, बाकी सामान काढा, आत कुणी बसू नका.

उन्हाने पत्रा फुगतो म्हणून दार अडतं, असं गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. तीस अंशांच्या फरकाने एक मीटर पत्रा जेमतेम ०.४ मिमी वाढतो. खरा फरक पडतो तो रबराचा: जानेवारीतल्या नाशिकच्या पहाटे दाराच्या कडेचं रबरी बीडिंग लाकडासारखं कडक असतं, एप्रिलच्या दुपारी मऊ. म्हणून काम सावलीत करा आणि सगळी मापं दिवसाच्या एकाच वेळी घ्या.

## २. सामान

पान्यांपासून सुरुवात. ब्रिटिश गाडीला इंची पाने लागतात, बहुतेक जागी ७/१६ आणि १/२. तिथे ११ किंवा १३ नंबरचा मेट्रिक पाना "बसतो", म्हणजे बसल्यासारखा वाटतो आणि बोल्टचं डोकं गोल करून सोडतो. बिजागरीला मोठे चपट्या डोक्याचे फुली स्क्रू असतील तर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. नाशकात रविवार कारंज्याच्या हार्डवेअरच्या गल्लीत तो मिळून जातो. त्याचा बिट मात्र निवडून घ्या. स्क्रूच्या फुलीच्या मधोमध चार बारीक रेघा दिसल्या तर तो पोझीड्राइव्ह. त्यात साधा स्टार बिट घातला तर पहिल्याच ठोक्याला घसरतो आणि खाच खराब होते. खाच गेली की पुढचा अर्धा दिवस ड्रिल करण्यात जातो.

बाकीचं असं:

- गंज सोडवणारं तेल (डब्ल्यूडी-४० किंवा तसलंच), मास्किंग टेप, बारीक मार्कर, स्टीलची पट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या)
- ४ मिमी जाडीच्या अॅक्रिलिकच्या सहा पट्ट्या, साधारण ३ × ८ सेंमी. बोर्ड बनवणाऱ्यांकडे कातरण पडलेलंच असतं
- शिमसाठी (बिजागरीमागे घालायच्या पातळ तुकड्यांसाठी) ०.५ आणि १ मिमीचा लोखंडी किंवा स्टेनलेस पत्रा
- ट्रॉली जॅक, त्यावर ठेवायला फळी आणि जुनी घोंगडी
- मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक), गंजरोधक प्रायमर, ग्रीस

शिमसाठी अॅल्युमिनियम वापरू नका. लोखंडाला चिकटून ओलाव्यात राहिलं की ते पांढरं पडून भुसभुशीत होतं आणि दोन पावसाळ्यांत बिजागरी पुन्हा ढिली.

आदल्या रात्री: बिजागरीच्या प्रत्येक स्क्रूवर तेल मारा, सकाळी पुन्हा मारा. पिलरच्या (चौकटीच्या उभ्या खांबाच्या) आतून स्क्रूचं मागचं टोक दिसत असेल तर तिथूनही. गंज बहुतेक तिकडेच असतो.

## ३. हात लावण्याआधी मोजा

स्ट्रायकर काढून ठेवा. त्याच्या भोवती आधी मार्करने रेघ मारून घ्या. दाराची चौकट-बीडिंग काढा. आता दार नुसतं टेकवा आणि मदतनिसाला बाहेरून एका बोटाने धरायला सांगा. या अवस्थेत दार बिजागऱ्या नेतील तिथे जातं. आपल्याला बघायचंय ते हेच.

सहा जागी गॅप मोजा: पुढची कड वर आणि खाली, खालची कड पुढे आणि मागे, मागची कड वर आणि खाली. शिवाय दार शेजारच्या पत्र्यापेक्षा आत आहे की बाहेर, तेही चारही कोपऱ्यांत. आकडा त्याच जागी मास्किंग टेपवर लिहा. कागदावर लिहिलेले आकडे संध्याकाळपर्यंत तेलात भिजतात.

किती गॅप हवी? ४ ते ५ मिमी धरा. या गाड्या कारखान्यातूनही तंतोतंत निघाल्या नव्हत्या, त्यामुळे ३ मिमीसाठी जीव काढू नका. वरपासून खालपर्यंत सारखी असलेली ५ मिमीची गॅप डोळ्याला छान दिसते. वर ३ आणि खाली ६ मात्र रस्त्यापलीकडूनही खटकते.

## ४. दोष दारात आहे की बॉडीत?

सगळ्या कामात खरी अक्कल इथे लागते, म्हणून इथे घाई नको.

दार लटकलंय तेव्हा ते बिजागरीभोवती फिरलेलं असतं. मागचं टोक खाली येतं, दाराचा वरचा भाग मागे सरकतो, खालचा पुढे. त्यामुळे पुढच्या कडेची गॅप वर जास्त आणि खाली कमी, तर मागच्या कडेची वर कमी आणि खाली जास्त दिसते. दोन्ही गॅपा एकाच बाजूला कललेल्या असतात.

बॉडी बसलीय तेव्हा गाडी मधोमध खचलेली असते. पुढचा आणि मागचा पिलर वरून एकमेकांकडे झुकतात. मग पुढची गॅपही वर कमी आणि मागचीही वर कमी. दोन्ही कडा मिळून उलट्या इंग्रजी व्हीसारख्या, एकमेकींच्या विरुद्ध बाजूला कललेल्या.

हे दुसरं चित्र दिसलं तर बिजागरीला हात लावू नका. आधी जॅकची चाचणी करा. दार टेकवून मागची वरची गॅप मोजा. सिलवरच्या जॅकच्या जागी जॅक लावून त्या बाजूचं एक चाक जमिनीवरून जेमतेम सुटेल एवढं उचला, आणि पुन्हा मोजा. अर्धा-पाऊण मिमी फरक उघड्या गाडीत चालतो. २ मिमी बदल झाला किंवा दार उघडताना अडलं, तर सिल आतून गेलेली आहे. बाहेरून रंग चकाचक असला तरी ती गेलेलीच आहे. एमजीबीसारख्या मोनोकॉक (वेगळी चेसिस नसलेल्या) गाडीत सिल म्हणजे गाडीचा कणाच.

अशा वेळी वेल्डिंगचं काम आधी. तिथेही डेंटर एक चूक हमखास करतात: दार काढून बाजूला ठेवतात, जुनी सिल कापतात, नवी जोडतात, मग दार आणून बघतात. तोवर पिलर जवळ आलेले असतात. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी-तिरकी लोखंडी टेकणं वेल्ड करून घ्यायची. नवी सिल क्लॅम्पने धरली की दार टांगून गॅप बघायची, आणि मगच पक्कं वेल्ड मारायचं. दार हीच तिथली मोजपट्टी.

स्पिटफायर आणि हेराल्डला वेगळी चेसिस आहे आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसते. तिथे बॉडीखालचे रबरी पॅड आणि पॅकिंग बघा. एखादा पॅड चेपला किंवा कुणीतरी पॅकिंग काढून टाकलं असेल तर पिलर झुकतो आणि दार वाकडं दिसतं. पॅड बदलून, बोल्ट कसून, मग पुन्हा सहा मापं घ्या. कित्येकदा बिजागरी सोडायची गरजच उरत नाही.

## ५. ढिलाई नेमकी कुठे?

दार फूटभर उघडा. मागचं टोक खालून दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. मदतनिसाने वरच्या बिजागरीवर बोट ठेवायचं, असं की बोट अर्धं बिजागरीच्या एका पानावर (पिनेच्या एका बाजूच्या पट्टीवर) आणि अर्धं दुसऱ्यावर. मग खालच्या बिजागरीवर तसंच. हललेलं डोळ्याला दिसत नाही, बोटाला लगेच कळतं.

- दोन पानांमध्ये हललं तर पीन किंवा तिचं भोक झिजलंय.
- पान आणि पिलरमध्ये हललं तर स्क्रू ढिले आहेत, नाहीतर आतली आटे असलेली पट्टी गेलीय.
- पिलरचा पत्राच हलला तर तिथे तडा किंवा गंज आहे. आधी तो दुरुस्त करा.
- काहीच हललं नाही आणि तरी दार खाली आहे, तर कधीतरी कुणीतरी ते चुकीचं बसवलंय. हा सगळ्यात सोपा दोष, सरळ सातव्या टप्प्यावर जा.

सुरुवातीला अर्धा मिलिमीटर म्हटलं होतं, त्याचा हिशेब असा. दोन बिजागऱ्यांमध्ये ३५ सेंमी अंतर आणि दाराची लांबी ९० सेंमी धरा. प्रत्येक बिजागरीत ०.५ मिमी ढिलाई असेल तर वरची मागे, खालची पुढे मिळून १ मिमी फरक पडतो. ९० भागिले ३५ म्हणजे साधारण २.६. मागचं टोक तेवढे मिमी खाली येतं. शिम घालताना हाच आकडा उलटा वापरायचाय. आपल्या गाडीची दोन मापं घेऊन तो काढा आणि टेपवर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

## ६. पिना

झिजलेल्या पिनेवर दार जुळवणं म्हणजे चिखलात खुंटी ठोकणं. काही गाड्यांत पीन सुटी निघते, काहींत ती रिव्हेटसारखी दाबलेली असते आणि अख्खी बिजागरी बदलणं शहाणपणाचं.

सुटी निघत असेल आणि नवी मिळत नसेल तर अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत चांगला लेथवाला गाठा. दोन्ही बिजागऱ्या सोबत न्या, नुसती पीन नेऊ नका. त्याला सांगायचं एवढंच: भोकं अंडाकृती झालीत, रीमरने गोल करून घ्या, नवी पीन ईएन-८ ची टर्न करा, आणि पीन-भोकात ०.०३ ते ०.०५ मिमीपेक्षा जास्त ढिलाई ठेवू नका. भोक फार मोठं झालं असेल तर गनमेटलचा बुश दाबून घ्या. दोन्ही बिजागऱ्यांना एकाच मापाच्या पिना करा.

सावध: पीन वर-खाली वेल्डिंगचे टाके मारून "घट्ट" करून देणारे भेटतील. त्याने पीन वर-खाली सरकत नाही इतकंच, झीज तशीच राहते. पुढच्या वेळी बिजागरी कापूनच काढावी लागते.

दाराची एकच बिजागरी झिजलेली दिसली तरी दोन्ही करा. झीज बहुधा वरच्या बिजागरीत जास्त असते, कारण दाराचं वजन तिला बाहेर ओढतं.

## ७. दार सोडणं आणि पुन्हा धरणं

दाराचं ट्रिम पॅनल काढा, नाहीतर दाराकडचे बोल्ट सापडत नाहीत. दार उघडताना मर्यादा घालणारी पट्टी सोडा. दारात स्पीकर असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून वायरिंग सोडवा. काच मात्र दारातच राहू द्या, खाली केलेली. काचेशिवाय बसवलेलं दार काच घातल्यावर तिच्या वजनाने पुन्हा खाली येतं.

प्रत्येक पानाभोवती बारीक रेघ मारा. रंगकामासाठी दार पूर्ण उतरवायचं असेल तर जुळणी झाल्यावर पान आणि पिलर दोन्हींतून ३ मिमीचं एक भोक पाडून ठेवा. रंगानंतर त्यात ड्रिलचा मागचा दांडा घालून स्क्रू कसले की दार नेमकं जुन्या जागी येतं.

दाराखाली ट्रॉली जॅक, त्यावर फळी, त्यावर घोंगडी. जॅकने दाराचा भार फक्त पेलायचा, दार उचलायचं नाही. मग एका बिजागरीचे स्क्रू सैल करा, दुसरीचे तसेच ठेवा. सैल म्हणजे पान ढकललं की सरकावं पण सोडलं की थांबावं इतकंच.

सावध: एकाच पानाचे सगळे स्क्रू एकदम काढू नका. बऱ्याच गाड्यांत पिलरच्या आत आटे असलेली पट्टी पिंजऱ्यात सुटी असते. शेवटचा स्क्रू निघाला आणि पिंजरा गंजलेला असेल तर ती थेट सिलमध्ये पडते. मग लोहचुंबक, तार आणि देवाचं नाव.

## ८. जुळणी: मागून पुढे

मागचं क्वार्टर पॅनल वेल्ड केलेलं असतं, ते हलत नाही. पुढचा फेंडर बोल्टने बसतो, तो हलतो. म्हणून दार मागच्या पत्र्याशी आणि सिलशी जुळवायचं, पुढच्या गॅपकडे आत्ता बघायचंही नाही. पुढची गॅप आधी सुंदर करून ठेवणारे मागे अडकतात आणि शेवटी मागच्या कडेवर ग्राइंडर फिरवतात.

पान कुठल्या दिशेने सरकतं हे त्याच्या बसण्यावर ठरतं. पान ज्या सपाट पत्र्यावर टेकलंय त्या पत्र्याच्या पातळीतच ते सरकतं, आणि त्या पातळीला काटकोनात जायचं असेल तर शिम लागतो. पान पिलरच्या मागे तोंड केलेल्या पत्र्यावर असेल, तर सरकवून दार वर-खाली आणि आत-बाहेर होतं. पुढे-मागे करायला शिम. पान दाराच्या आतल्या बाजूच्या पत्र्यावर आडवं टेकलेलं असेल, तर सरकवून वर-खाली आणि पुढे-मागे. आत-बाहेर करायला शिम. आपल्या गाडीचं काय आहे ते बोट ठेवून बघा, मग पाना फिरवा.

क्रम असा:

अ) उंची. दाराची ठळक आडवी रेघ मागच्या पॅनलच्या रेघेला मिळवा. ती नसेल तर दाराची वरची कड धरा. अॅक्रिलिकच्या दोन पट्ट्या सिलवर ठेवून दार त्यांवर टेकवलं की खालची ४ मिमी आपोआप येते.

आ) कल. मागचं टोक अजून खाली असेल तर खालच्या बिजागरीमागे शिम घाला. तो दाराचा खालचा भाग मागे ढकलतो आणि मागचं टोक वर येतं. आपण काढलेल्या २.६ च्या हिशेबाने १ मिमीचा शिम टोक अडीच मिमीच्या आसपास उचलतो. ३ मिमीचा थर रचायची वेळ आली तर थांबा, निदान चुकलंय. मागचं टोक वर गेलं असेल तर तोच शिम वरच्या बिजागरीमागे.

इ) पुढे-मागे. मागच्या गॅपमध्ये वर आणि खाली एकेक पट्टी अडकवा. दोन्ही सारख्याच ताकदीने सरकायला हव्यात. वरची घट्ट आणि खालची पडत असेल तर परत (आ) वर जा. दोन्ही घट्ट असतील तर अख्खं दार पुढे घ्यायचंय, म्हणजे दोन्ही बिजागऱ्यांमागचा शिम सारखाच कमी करायचा.

शिम यू आकाराचा कापा, म्हणजे स्क्रू नुसता सैल करून आत सरकवता येतो. कडा घासून प्रायमर मारा. शिम पानाएवढाच मोठा हवा. वॉशरचे तुकडे भरले तर स्क्रू कसताना पान वाकतं.

प्रत्येक बदलानंतर स्क्रू कसा, जॅक पूर्ण काढा, दार दोनदा उघडझाप करा आणि मग मोजा. जॅक खाली असताना घेतलेलं माप खोटं असतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि बिघडलं, तर कशाने बिघडलं ते कळत नाही.

तपासा: स्ट्रायकर अजून लावलेला नाही. दार टेकवलं तर ते कुठेही न घासता, न उचलता मागच्या पॅनलच्या रेघेत यायला हवं. येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## ९. आत-बाहेर, आणि पीळ

वाऱ्याचा आणि पाण्याचा विचार करून दाराची पुढची कड फेंडरपेक्षा अर्धा ते एक मिमी आत ठेवतात, आणि मागची कड क्वार्टर पॅनलच्या बरोबर किंवा केसभर बाहेर. उलट झालं की कड वारा पकडते आणि वेगात शिट्टी वाजते.

मागच्या कडेला वरचा कोपरा बरोबर आणि खालचा बाहेर असं दिसलं तर दाराला पीळ बसलाय. आधी एकदा खालच्या बिजागरीचं पान आत घेऊन बघा. तेवढ्याने भागलं नाही तर दार हाताने पिळावं लागतं: आत गेलेल्या कोपऱ्यापाशी दार आणि पिलरच्या मध्ये कापडात गुंडाळलेला लाकडी ठोकळा धरायचा आणि बाहेर आलेल्या कोपऱ्यावर तळहाताने सावकाश दाबायचं. दार सोडलं की थोडं मागे येतं, म्हणून थोडं थोडं, पाच-सहा वेळा. ठोकळा पत्र्याच्या मधोमध नको, कडेच्या दुमडीवर हवा.

एमजीबीच्या दाराला पुढच्या तिकोनी काचेखाली तडा जाण्याची खोड आहे. तिथे आधीच केसासारखी रेघ दिसत असेल तर पीळ काढायच्या भानगडीत पडू नका, तडा वाढेल.

## १०. आता फेंडर

दार पक्कं झालं. फेंडरचे बोल्ट वरचे, खालचे आणि पिलरलगतचे सगळे सैल करा आणि दाराला पाहून ४-५ मिमी गॅप ठेवा. तो जागेवर बसला की बॉनेट. फेंडर हलवल्यावर बॉनेटची गॅप बिघडणारच, ती याच शेवटी निस्तरायची असते. स्पिटफायर आणि हेराल्डला सुटा फेंडर नाही, अख्खं पुढचं तोंडच उघडतं, तेव्हा तिथे ते त्याच्या स्वतःच्या बिजागऱ्यांवर जुळवा.

## ११. स्ट्रायकर

आता हा लावा, जुन्या रेघेवर नव्हे, मधोमध. स्क्रू हाताने घट्ट करा. स्ट्रायकरवर तेलात कालवलेलं कुंकू बोटाने पातळ फासा, दाराचं बटण दाबून धरून दार अलगद टेकवा, उघडा. लॉकच्या पंजावर लाल डाग उठतो. डाग मध्यावर हवा. वर लागला असेल तर स्ट्रायकर खाली, खाली लागला असेल तर वर. पुसा, पुन्हा फासा, पुन्हा बघा.

खरी परीक्षा शेवटच्या १० मिमीत. दार सावकाश लावताना त्याची रेघ पॅनलच्या रेघेशी धरून बघा. शेवटी दार वर चढत किंवा खाली बसत असेल तर स्ट्रायकर त्याला ओढतोय. लॉक दार धरण्यासाठी आहे, दार उचलण्यासाठी नाही.

लॉकचे दोन आवाज यायला हवेत, पहिला अर्धा आणि दुसरा पूर्ण. एकच आला तर स्ट्रायकर फार आत आहे किंवा पंजा झिजलाय. अर्ध्या खटक्यावर राहिलेलं दार वळणावर उघडू शकतं. हे तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

## १२. बीडिंग, काच, पाणी

जुनं बीडिंग धड असेल तर तेच लावा. नवं घातलं तर दार दोन-चार मिमी बाहेर राहील आणि जोरात आपटावंसं वाटेल. स्ट्रायकर बाहेर घ्यायचा मोह टाळा. बीडिंगला टाल्कम पावडर चोळून दार लावून गाडी दोन-तीन दिवस उन्हात उभी ठेवा, रबर बसतं. आठवड्यानंतरही बाहेरच राहिलं तर बीडिंग चुकीच्या जाडीचं आहे, बदलून घ्या.

चौकटीवर जागोजागी कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखाच ताण हवा. सुळकन निघाली तिथून पावसाळ्यात पाणी येणार. काच वर करून हुडच्या (कापडी छताच्या) कडेला टेकते का बघा. टेकत नसेल तर दाराला नाही, काचेच्या मार्गदर्शक पट्टीला हात लावा.

दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा. ती तुंबली की दारात पाणी साठतं, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्र्यंबकच्या बाजूला फिरणाऱ्या गाडीला चार महिने ते पुरतं. पाण्याची चाचणी घरच्या नळीने, कमी जोरात, खालून वर जात करा. वरून सुरुवात केली तर गळती कुठली ते कळत नाही.

## १३. कसणं आणि रस्ता

सगळं पटलं की एकेक स्क्रू काढून निळं थ्रेडलॉक लावा आणि कसा. डोक्यापासून पानावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरलाय हे लांबूनच दिसतं. पिनांना तेल, पंजाला थोडं ग्रीस.

गंगापूर धरणाकडे जाऊन या. गतिरोधकावरून एकदा एक बाजूचं चाक, एकदा दुसऱ्या बाजूचं. घरी येऊन सहाही मापं पुन्हा घ्या. अर्धा मिमी हललं तर चालेल. २००-३०० किमीनंतर रेघा आणि मापं आणखी एकदा.

## फायबरच्या बॉडीसाठी

गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मसारख्या फायबरच्या गाडीत बोल्ट कसला की फायबर चेपतं, आणि आणखी कसला की तडकतं. बिजागरीच्या मागे २-३ मिमी जाड लोखंडी पट्टी पानापेक्षा सगळ्या बाजूंनी २ सेंमी मोठी घाला, प्रायमर मारून. भोक मोठं झालं असेल तर रेझिन आणि मॅटने (काचतंतूच्या कापडाने) भरून, वाळल्यावर पुन्हा पाडा. इथे दार पिळणं पूर्ण वर्ज्य. पत्रा वाकून राहतो, फायबर एकतर परत येतं नाहीतर फाटतं. आत-बाहेरचा फरक शिमने जितका निघेल तितकाच काढा. उरलेला मिलिमीटर रंगाच्या आधी कडेवर मॅट चढवून, घासून जुळवावा लागतो.